जीर्णोद्धार कोणत्या क्षणाचा? : जुने ट्रॅक्टर आणि पाठनिश्चितीचा विवेक

मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण बहुधा देवळांसाठी राखून ठेवला आहे. यंत्राची दुरुस्ती होते, घराची डागडुजी होते, पोथीचे संपादन होते. उद्धार मात्र देवळाचा होतो. शब्दांच्या या वाटणीत एक मूल्यविचार आहे. दुरुस्तीचा हेतू वस्तू पुन्हा कामाला लावणे एवढाच असतो. जीर्णोद्धारात मात्र ती वस्तू कामाच्या पलीकडेही आपली कोणीतरी आहे, हे गृहीत धरलेले असते. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आणि ब्रिटनमधील अनेक शेतकरी कुटुंबे साठ, सत्तर, कधी नव्वद वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर कोठाराच्या कोपऱ्यातून ओढून बाहेर काढतात आणि दोन-तीन पिढ्या मिळून ते पुन्हा चालते करतात. या उद्योगाला दुरुस्ती म्हणावे की जीर्णोद्धार, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. आम्हांला तो तसा वाटत नाही. वर्षानुवर्षे वर्गात पाठचिकित्सा शिकवताना जे प्रश्न विद्यार्थ्यांना कोरडे व केवळ परीक्षेपुरते वाटतात, तेच प्रश्न या कुटुंबांपुढे हातात पाना असताना उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे त्यांना द्यावीच लागतात.

या छंदाची रीत प्रथम पाहू. ट्रॅक्टर बहुधा आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळातला असतो. तो जॉन डिअर कंपनीचा दोन सिलिंडरचा ‘मॉडेल ए’ असेल, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘फार्मॉल’ असेल, किंवा १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक संख्येने बाहेर पडलेला करड्या रंगाचा ‘फर्ग्युसन टीई-२०’ असेल. इंजिन जाम झालेले असते, टायर कुजलेले असतात, बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलेला असतो. पहिले काम जाम पिस्टन सोडवण्याचे. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडायचे आणि वाट पाहायची. कधी काही दिवस, कधी काही आठवडे. जोर लावला तर बिडाचा भाग तडकतो, आणि तडकलेले बीड जोडणे फार अवघड. गंज काढण्याची एक घरगुती पद्धत आहे. पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवायचा, त्यात गंजलेला भाग बुडवून तो बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला जोडायचा आणि धन टोकाला भंगारातला लोखंडी पत्रा लावायचा. चांगले लोखंड न खरवडता गंज सुटत जातो. मागच्या चाकांना जमिनीत पकड मिळावी म्हणून टायरमध्ये कॅल्शियम क्लोराइडचे पाणी भरण्याची पद्धत होती. ते पाणी झिरपून लोखंडी रिंगा आतून खाते, म्हणून त्या उघडून पाहाव्या लागतात. हिवाळ्याच्या लांब रात्री या कामात जातात. उन्हाळा सरता सरता मेळे भरतात. आयोवा राज्यातील माउंट प्लेझंट येथे १९५० साली सुरू झालेला जुन्या मळणीकारांचा मेळा त्यांपैकी प्रसिद्ध आहे.

या कामातील पुष्कळसे ज्ञान छापील पुस्तिकांत मिळते. जुन्या पुस्तिकांची पुनर्मुद्रणे निघतात, मॅडिसन येथील विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीत मॅककॉर्मिक-इंटरनॅशनल हार्वेस्टरची कागदपत्रे जपलेली आहेत, रेडिंग येथे १९५१ पासून इंग्रजी ग्रामजीवनाचे संग्रहालय आहे. पण सर्वच ज्ञान कागदावर येत नाही. दोन सिलिंडरचा जॉन डिअर हाताने सुरू करायचा तर सिलिंडरच्या लहान चाव्या उघडून आतला दाब सोडावा लागतो आणि बाजूचे जड फ्लायव्हील दोन्ही हातांनी फिरवावे लागते. त्याच्या इंजिनाचा ठोका मुळातच विषम असतो: दोन स्फोट लागोपाठ आणि मग मोठी उसंत. हा ठोका निरोगी केव्हा आणि आजारी केव्हा, हे ज्याने तो ऐकत आयुष्य काढले त्यालाच सांगता येते. नातवाला ते आजोबांच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. मौखिक परंपरेविषयी आपण जे वर्गात बोलतो, त्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल. निरूपण करणारा गेला की पुस्तक उरते, पण ते लावायचे कसे हे उरत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ट्रॅक्टर पूर्वस्थितीला न्यायचा, असे सर्वच म्हणतात. पण पूर्वस्थिती म्हणजे नेमकी कोणती? फार्मॉलच्या रंगाचे उदाहरण घेऊ. फार्मॉल म्हटले की आज लाल रंग डोळ्यांपुढे येतो. पण १९३६ च्या नोव्हेंबरपर्यंत हे ट्रॅक्टर करड्या रंगाचे निघत. समजा, एखाद्या घरात १९३४ चा फार्मॉल आहे. तो करडा आला, आणि पुढे केव्हातरी मालकाने त्याला काळाच्या रीतीप्रमाणे लाल रंग दिला. मुलांनी तो लालच पाहिला, नातवंडांच्या आठवणीतही तो लालच आहे. आता त्यांनी त्याला कोणता रंग द्यावा? कारखान्याचा करडा दिला तर तो इतिहासाला धरून होईल, पण घरात त्याला कोणी ओळखणार नाही. लाल दिला तर घर त्याला ओळखेल, पण मेळ्यातला जाणकार नाक मुरडेल. आणि दोन्ही टाळून, लालाच्या पोपड्यांखाली दिसणारा करडा तसाच ठेवला, तर ‘यात तुम्ही केले काय?’ असे शेजारी विचारतील. अशा न रंगवलेल्या ट्रॅक्टरला या छंदातले लोक ‘कामाच्या कपड्यांतला’ म्हणतात. ही उपमा आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते, कारण तिच्यात रंगवलेला ट्रॅक्टर म्हणजे समारंभाचे कपडे घातलेला, हेही आपोआप येते.

साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे ओळखीची पावले दिसतील. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मधल्या सुमारे तीनशे वर्षांत जे पाठ शिरले होते ते त्यांनी पारखले आणि एक प्रत सिद्ध केली. पुढची परंपरा त्या प्रतीवर उभी राहिली. १९०९ साली वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून निराळी प्रत प्रसिद्ध केली, तेव्हा वाद झाला. वादाचा विषय केवळ शब्दरूपे नव्हती. ज्या ज्ञानेश्वरीवर पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्यांनी पारायणे केली ती खरी, की जी तिच्याआधी होती ती खरी, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हे तर या विवेकाचे मोठे उदाहरण. विष्णु सीताराम सुखठणकरांनी व्यासांचे मूळ महाभारत शोधून काढल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते, तेथवर जाणे हेच त्यांनी ध्येय मानले. आणि जे पाठ वगळले ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले. या पद्धतीचा मोठेपणा आम्हांला या ठेवण्यात दिसतो. संपादकाचा निर्णय चुकला असेल तर पुढच्या अभ्यासकाला तो तपासता यावा, याची सोय त्यात आहे.

ट्रॅक्टरच्या बाबतीत ही सोय राहत नाही. वाळूच्या फवाऱ्याने जुना रंग एकदा उडवला की तो गेला. खाचखळग्यांत लांबी भरून, घासून, त्यावर आरशासारखा रंग मारला की आजोबांनी १९५२ च्या सुगीत घाईघाईने केलेले वेल्डिंगही गेले. ट्रॅक्टर मूळ अवस्थेत एकदाच असतो, असे संग्राहक म्हणतात, आणि ते बरोबर आहे. परंतु आमचे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडतानाचा क्षण हा ट्रॅक्टरच्या आयुष्यातील सर्वांत कमी कौटुंबिक क्षण आहे. त्या क्षणी तो हजारोंपैकी एक असतो. तो या घराचा झाला तो पुढच्या चाळीस वर्षांत: बसून बसून झिजलेल्या पत्र्याच्या आसनामुळे, क्लचच्या पायटीवर मारलेल्या जादा पट्टीमुळे, बोल्ट मिळाला नाही म्हणून लावलेल्या परक्या बोल्टमुळे. कुटुंब जेव्हा कौटुंबिक छंद म्हणून त्याला कारखान्याच्या क्षणाकडे परत नेते, तेव्हा ते स्वतःलाच त्यातून पुसून टाकत असते, आणि हे बहुधा त्यांच्या ध्यानात येत नाही.

मग प्रत्येक थर पवित्र मानायचा काय? तसेही नाही. आपल्याकडे कित्येक जुन्या दगडी देवळांवर भक्तिभावाने तैलरंग चढला, गाभाऱ्यांत चकचकीत फरशा बसल्या आणि त्यालाच जीर्णोद्धार म्हटले गेले. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात २०२४ साली नंतरच्या काळात बसवलेल्या फरशा व ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा करण्यात आला, तेव्हा एक थर काढणे हेच जतन ठरले. तेव्हा निकष हवा, आणि आमच्या मते तो असा असू शकतो: थर गरजेतून आला की मिरवण्यातून? कामाच्या ओघात पडलेली, वस्तू चालती ठेवणारी प्रत्येक खूण ही त्या वस्तूचा पाठ आहे. शोभेसाठी वरून चढवलेला थर हा प्रक्षेप आहे. या निकषाने पाहिले तर आजोबांचे ओबडधोबड वेल्डिंग ठेवावे लागते, आणि नातवाने मेळ्यासाठी मारलेला, मूळ कारखान्याने कधीच न दिलेला आरसारंग संशयास्पद ठरतो. निकष सर्वत्र सारखा लागू पडेल असे नाही. मघाच्या फार्मॉलचा लाल रंग गरजेचा की हौसेचा, हे त्या घरालाच ठरवावे लागेल. पण विचारण्यासारखा प्रश्न तो आहे.

येथपर्यंतच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो साहित्यातूनच येतो. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीतील नारबा हा मळ्यावरचा गडी. मळ्यातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि तो गोतावळा विस्कटतो. जॉन स्टाइनबेकच्या १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ या कादंबरीत ट्रॅक्टर कुळांची घरे मोडत सरळ रेषेत जातो. त्याला बांध दिसत नाही की उंबरा दिसत नाही. म्हणजे दोन दूरच्या भाषांतील दोन महत्त्वाच्या कादंबऱ्यांनी ट्रॅक्टरला घर मोडणाऱ्याची भूमिका दिली आहे. आणि ती काल्पनिक नव्हती. अमेरिकेत १९२० च्या सुमारास अडीच कोटींच्या आसपास घोडे व खेचरे होती. १९६० पर्यंत ती तीस लाखांच्या आसपास उरली. जनावरांबरोबर त्यांच्यावर जगणारी माणसेही शेतातून गेली. असे असताना त्याच यंत्राला रविवारी मऊ फडक्याने पुसणे, त्याला नाव देणे, त्याच्याभोवती कुटुंब गोळा करणे, ही विजेत्यांची स्मरणरंजकता नव्हे काय? ज्याचे शेत टिकले त्याच्याच कोठारात आजोबांचा ट्रॅक्टर उरला. १९८० च्या दशकात कर्जाच्या संकटात ज्यांची शेते लिलावात गेली, त्यांचे ट्रॅक्टरही बहुधा लिलावात गेले. नारबाच्या नातवाकडे जीर्णोद्धार करायला काय आहे?

हा आक्षेप आम्हांला खरा वाटतो आणि तो टाळून या छंदाचे कौतुक करणे अप्रामाणिक होईल. पण त्याचे उत्तर छंद सोडून देणे हे नव्हे. तो अधिक सत्यनिष्ठेने करणे हे आहे. आणि येथे ‘कोणता क्षण’ हा प्रश्न नैतिक होतो. कारखान्याच्या क्षणाकडे नेलेला ट्रॅक्टर निरपराध दिसतो. त्याने अजून एकही नांगरट केलेली नसते, एकही बैल वा घोडा विकायला लावलेला नसतो, एकही हप्ता थकवलेला नसतो. चकचकीत रंग केवळ ओरखडे झाकत नाही, हिशेबही झाकतो. उलट, कामाच्या खुणा ठेवलेला आणि कागदपत्रांसह जपलेला ट्रॅक्टर बोलतो. तो घेताना कर्ज किती काढले, कोणती जनावरे विकली, कोणत्या गड्याला रजा दिली, शेजारचे कोणते शेत पुढे आपल्यात मिळाले, ही नोंद जीर्णोद्धाराच्या वहीत आली तर तो छंद कौटुंबिक इतिहासलेखनाच्या पातळीवर जातो. या क्षेत्राला पुराव्याची परंपरा नाही असेही नाही. कंपन्यांच्या फुगवलेल्या दाव्यांना आळा बसावा म्हणून नेब्रास्का राज्याने १९१९ साली कायदा केला आणि १९२० पासून तेथे ट्रॅक्टरांच्या चाचण्या सुरू झाल्या. कोणत्या ट्रॅक्टरची ओढ प्रत्यक्षात किती, तो इंधन किती पितो, हे त्या अहवालांत आजही वाचता येते. ओढशक्तीचा पुरावा मागणाऱ्या परंपरेने स्मृतीचाही पुरावा मागावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

त्या वहीत स्त्रियांचीही नोंद व्हायला हवी. ‘आजोबांचा ट्रॅक्टर’ हा शब्दप्रयोगच इतका रूढ आहे की तो चालवणारे दुसरे कोणी असेल ही शंकाही येत नाही. वस्तुतः दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ‘विमेन्स लँड आर्मी’च्या तरुणींनी फोर्डसन ट्रॅक्टरवर नांगरणी केली. शांततेच्या काळातही हप्त्यांचा हिशेब कोणी ठेवला, सुट्या भागांसाठी शहरात कोण गेले, सुगीत पोराला मांडीवर घेऊन ट्रॅक्टर कोणी हाकला, हे आजीला विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारायला उशीर झाला तर कधीच कळत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर पाठ आणि तळटीप यांचा भेद जिवाशी येतो. जुन्या ट्रॅक्टरना उलटण्यापासून वाचवणारी चौकट नसे, फिरत्या दांड्यावर झाकण नसे. मूळ बरहुकूम ठेवायचे म्हणून ही उणीवही ठेवायची का? ठेवू नये. चौकट बसवावी, ती नंतरची आहे हे स्पष्ट दिसू द्यावे, आणि काढता येईल अशी बसवावी. चांगल्या संपादकाची तळटीपही अशीच असते.

महाराष्ट्रात हा छंद रुजलेला दिसत नाही, आणि त्याचे कारण भावनेचा अभाव हे नाही. खंडेनवमीला आपण ट्रॅक्टरला हार घालतो, कित्येक घरांत पोळ्याला बैलांच्या जागी त्यालाच ओवाळतात. कारण निराळे आहे: आपल्याकडे यंत्राला निवृत्ती नसते. ट्रॅक्टर नांगरटीला थकला की पाण्याचा टँकर ओढतो, त्यालाही थकला की त्याच्या इंजिनावर मळणीयंत्र चालते, आणि अखेर त्याचे भाग दुसऱ्या ट्रॅक्टरांत जातात. उरलेले बीड भंगारवाल्याकडे. हे एक प्रकारचे जतनच आहे, पण त्यात स्मृती उरत नाही. भारतात ट्रॅक्टरची निर्मिती १९५९ साली फरिदाबादला आयशरने सुरू केली. १९६० साली चेन्नईची ‘टॅफे’ कंपनी मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने उभी राहिली. १९७१ साली पिंजोरला एचएमटीचा ‘झेटर’ निघू लागला आणि २०१६ साली एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. म्हणजे आपल्या ग्रामीण कादंबरीने ज्या यंत्राचे आगमन नोंदवले, त्याची पहिली पिढी आज भंगाराच्या वाटेवर आहे. आणि ते यंत्र उघडून जोडणाऱ्या मिस्त्र्यांची पिढीही वृद्ध झाली आहे. त्यांच्या बोलीतले सुट्या भागांचे शब्द, इंग्रजी नावांना त्यांनी दिलेली मराठी वळणे, यांचा संग्रह झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ग्रामीण साहित्यावर प्रबंध लिहिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ‘गोतावळा’तील बोलीचा अभ्यास अवश्य करावा, पण त्याचबरोबर गावच्या गॅरेजमध्ये जाऊन तिथली बोलीही वहीत उतरवून घ्यावी. नारबाची बाजू कादंबरीने सांगितली. ट्रॅक्टरवर बसलेल्या पगारी चालकाची, त्याखाली झोपून काम करणाऱ्या फिटरची बाजू अद्याप पुरेशी लिहिली गेलेली नाही.

प्रत्येकाने जुना ट्रॅक्टर आणून अंगणात उभा करावा, असे आम्ही म्हणत नाही. त्याला जागा लागते, पैसा लागतो, आणि ज्याला दोन्ही नाही त्याला स्मृती नसते असे थोडेच आहे? मात्र ज्यांच्याकडे असे काही आहे, मग तो आयोवातील फार्मॉल असो, की आपल्याकडील एखाद्या वाड्यातील पोथी, मोट किंवा पहिले डिझेल इंजिन, त्यांनी रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक वही उघडावी. वस्तू आहे तशी टिपून घ्यावी. कोणती खूण कोणाच्या हातची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. काय काढले, काय ठेवले आणि का, हे लिहावे. त्यानंतर रंग द्यावा की नाही, यावर घरात मतभेद खुशाल व्हावेत. पुढच्या पिढीला आपला निर्णय पटला नाही, तर तो फिरवता येईल एवढा पुरावा तिच्या हाती राहिला पाहिजे. पाठचिकित्सेने आम्हांला शिकवलेली गोष्ट एवढीच आहे.